पाहिले, तपासले, मंजूर

तिने तोंड उघडलं आणि मला ते दात ओळखीचे वाटले. चेहरा नाही. चेहरा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. केसपेपरवर तिने लिहिलं होतं, ऋतुजा, वय चोवीस, माण गाव, हिंजवडीच्या पलीकडे, काम शाळेत बालवर्गाची शिक्षिका. पण खालच्या ओळीत मधल्या दाताच्या कोपऱ्याचा कणीएवढा टवका उडालेला, वरच्या उजव्या सुळ्याला एक जास्तीचं बारीक टोक; ही जोडी मी पाहिली होती. आणि नुसती पाहिली नव्हती, सरळ झालेली पाहिली होती. आत्ता माझ्या आरशात ती ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, आणि ती अशी सरळ दिसणार हे मला ती तशी होण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. माझा हात तिच्या तोंडात तसाच राहिला. तिने डोळ्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, जरा अजून मोठं उघडा.

"बाई, हालत्यात का न्हाई तेवढं सांगा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून तिचे वडील म्हणाले. मच्छिंद्र त्यांचं नाव. पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. ते खरं म्हणजे गोपाळकृष्ण सरांकडे आले होते. तीस वर्षांपूर्वी सरांनी त्यांची दाढ काढली होती आणि ती इतकी बिनदुखत निघाली होती की तेव्हापासून माणमधलं निम्मं गाव दातासाठी कोथरूडला येतं, असं ते आल्या आल्या सांगून मोकळे झाले. सर आता शहात्तरचे. हात थरथरतो म्हणून फक्त गुरुवारपर्यंत बसतात, तेही सल्ला देण्यापुरते. शनिवारी सकाळी दवाखाना माझा. बाकीचे पाच दिवस मी हिंजवडीत असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी आरशाचा दांडा दाताच्या मागे टेकवून हलकेच ढकलला. दात हलला. शेजारचा त्याहून जास्त हलला. चोवीस वर्षांच्या मुलीचे पुढचे दोन दात माझ्या बोटाखाली दलदलीत रोवलेल्या खुंट्यांसारखे डुलले आणि तिने डोळे मिटून घेतले. "हलतायत," मी म्हणाले.

हिंजवडीत माझी जागा सहाव्या मजल्यावर आहे, खिडकीपासून दुसरी. तिथे दात येतात, माणसं येत नाहीत. कंपनीचा माणूस घरी जाऊन एक कांडी तोंडातून फिरवतो, तिच्यातून जबड्याचं चित्र तयार होतं, यंत्र त्या चित्रावरून ठरवतं की कुठला दात किती सरकवायचा, मग एकामागून एक घालायचे पारदर्शक साचे कुरियरने घरी जातात. यात डॉक्टरचं काम तसं कुठेच नाही. पण कायदा असा की यंत्राला उपचार करता येत नाहीत. ज्याचं नाव डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत आहे त्यानेच ते करायचे. म्हणून आम्ही चौघं तिथे बसतो. आमचे नोंदणी क्रमांक तिथे बसतात, असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल. काळ्या पडद्यावर जबडा येतो. त्याला जीभ नसते, टाळू नसते, श्वास नसतो. बोटाने फिरवला की फिरतो. खाली एक पट्टी असते. ती डावीकडून उजवीकडे ओढली की पहिल्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंत दात आपापल्या जागी चालत जातात, रांगेत उभे राहतात, थांबतात. मग तीन चौकोन. रुग्णाची माहिती पाहिली. क्ष-किरण चित्र तपासले. उपचार मंजूर. तिन्हींवर खूण केली की माझा क्रमांक आपोआप उमटतो आणि पुढचा जबडा येतो.

क्ष-किरण चित्र वेगळ्या खिडकीत उघडतं, उघडायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक चित्र उघडत होते. कोणी उघडू नका म्हणालं नाही, हे मला स्वतःशी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण कोणी म्हणालं असतं तर फार बरं झालं असतं. सलिल म्हणजे आमचा टीम लीड, इंजिनिअर, वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, स्वभावाने लाघवी. त्याच्या पडद्यावर फक्त एक आलेख असायचा, प्रत्येक डॉक्टरला एका केसला किती वेळ लागतो त्याचा. माझी रेघ सगळ्यात वर होती. मग मी ज्यांच्याबद्दल शंका येईल त्यांचीच चित्रं उघडू लागले. मग शंका येणं कमी झालं. एके दिवशी रेघ चाळीस सेकंदांच्या खाली गेली तेव्हा सलिलने केक मागवला, आणि मी तो कापला. अननसाचा होता.

त्याच सुमारास ते सुरू झालं. कंपनीच्या बसमध्ये चांदणी चौकाच्या गर्दीत अडकलेलो असताना समोरच्या सीटवरची बाई झोपली, तिचं तोंड जरासं उघडं पडलं, आणि तिचे दात चालू लागले. सुळा आत वळला, कापायचे दात हळूहळू एका रेषेत आले. मी डोळे मिटले तरी माझं बोट मांडीवर डावीकडून उजवीकडे सरकतच होतं. मग भाजीवाला, लिफ्टमन, सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलणारे चेअरमन. कोणी हसलं की मी खाली बघायची. चुलतबहिणीच्या लग्नात मी दोन दिवस लोकांच्या चपला पाहिल्या. आई म्हणाली, "तुला काय झालंय? कोणी बोललं की मान खाली घालतेस. लोकांना वाटेल आमची मुलगी भलतीच विनयशील झाली." आईच्या बोलण्यातला टोमणा मला कळला, पण वर बघून हसता आलं नाही, कारण आईही हसत होती. एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. मला भीती दातांची नव्हती. त्यातले एखादे मला ओळखतील याची होती.

"मॅडम, आता मिटू का?" ऋतुजाने विचारलं. मी हात काढून घेतला. ती बोलताना तळहात ओठांसमोर धरत होती. नुकतीच लागलेली सवय नव्हती ती, मुरलेली होती. "पोरं विचारतात, टीचर हात का धरतात म्हणून," ती म्हणाली. "मी म्हणते, टीचरला सर्दी झालीये. आठ महिने सर्दी. ॲक्च्युअली मला काही गरजच नव्हती हे करायची. एक दात जरा वाकडा होता, बस. साखरपुड्याचे फोटो चांगले येतील म्हणून केलं. घरी येऊन करतात, ॲप आहे, सगळं इझी वाटलं." मच्छिंद्र म्हणाले, "मीच हो म्हणालो. म्हटलं, लेकीचं मन हाय." आणि पिशवीतून कागद काढू लागले. मला तो कागद बघायचा नव्हता. आम्ही चौघं आहोत, मी मनात म्हणत होते. चौघांत तिघं दुसरे आहेत.

कॉलेजात आमच्याकडे कोट्याची पद्धत होती. इतक्या दाढा काढल्या पाहिजेत, इतक्या चांदीने भरल्या पाहिजेत, इतक्या कवळ्या बसवल्या पाहिजेत, आणि प्रत्येक पायरीवर वहीत सरांची सही पाहिजे. सही नाही तर ती पायरी झालीच नाही. त्यामुळे आम्ही दात कमी आणि सह्या जास्त शोधत फिरायचो. रुग्णाला खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसवायचं आणि वही घेऊन सर कुठे आहेत ते धुंडाळायचं, कँटीन, लायब्ररी, पार्किंग. काही सर चालता चालता सही करायचे, वही दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून. माझी मैत्रीण कादंबरी तर हुबेहूब सह्या करायची. आम्ही तिला चहा पाजून करून घ्यायचो आणि त्यात काही वाईट करतोय असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही. गोपाळकृष्ण सर तेवढे निराळे. ते येऊन हात धुणार, रुग्णाच्या तोंडात बोट घालणार, मग वही मागणार. एकदा मी घाईत म्हणाले, सर, झालंय सगळं, नुसती सही हवीये. ते म्हणाले, "अहो, मग पोस्टात जा. तिथे शिक्का मारतात." सगळा वॉर्ड हसला. मला इतका राग आला होता की मी आठवडाभर त्यांच्या टेबलाकडे फिरकले नाही आणि त्या आठवड्याच्या सगळ्या सह्या कादंबरीकडून करून घेतल्या.

कागद कंपनीचाच होता. वर निळं बोधचिन्ह, खाली तक्रारीला उत्तर. आपल्या उपचारांची योजना नोंदणीकृत दंतवैद्याने तपासून मंजूर केलेली असल्यामुळे वगैरे. नाव नव्हतं. रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही खाजगीपणासाठी आम्ही नाव देत नाही, असं सलिल आम्हाला पहिल्या दिवशी म्हणाला होता आणि आम्हाला ते आवडलं होतं. फक्त क्रमांक होता. मी तो वाचायच्या आधी बाकीचा सगळा मजकूर दोनदा वाचला, तळाचा पत्ता वाचला, मंजुरीची तारीख वाचली. मग वाचला. शेवटी सहा, एक, चार. पदवीनंतर नोंदणी झाल्यावर बाबांनी तो आकडा देवापुढे ठेवलेल्या वहीत लिहिला होता, आणि आई म्हणाली होती, आता जन्मभर हा तुझा नंबर, हरवू नकोस. तो त्या कागदावर होता आणि तो मी तिथे ठेवलेला नव्हता, तरी मीच ठेवलेला होता. मला वाटलं आता माझे दात वाजतील. वाजले नाहीत.

"हा कोण ते कळायला हवंय," ऋतुजा म्हणाली. "वकील म्हणाले, कौन्सिलकडे कंप्लेंट करा, नंबरवरून शोधतील. पण त्याच्यासोबत दुसऱ्या एका रजिस्टर्ड डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल. की दात असे का झाले, आधी तपासलं असतं तर कळलं असतं का. तुम्ही द्याल का?" खुर्ची मागे कललेली होती आणि ती बोलता बोलता समोरच्या भिंतीकडे बघत होती. नियम आहे, नोंदणीचं प्रमाणपत्र रुग्णाला दिसेल असं लावायचं. तिथे सरांचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र होतं आणि त्याच्या खाली माझं. तिथून आकडे वाचता येतात का, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, कारण त्या खुर्चीत मी कधी बसलेच नव्हते. मी दिवा तिच्या डोळ्यांवर येईल असा वळवला. तिने डोळे बारीक केले. मग मला माझीच किळस आली आणि मी तो बंद केला.

"आधीचा एक्स-रे आहे?" मी विचारलं. हा प्रश्न मला विचारायचा नव्हता, पण डॉक्टरच्या तोंडून तो आपोआप येतो. होता. मच्छिंद्रनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, दोरा बांधून आणला होता. वारज्यात काढलेला, सगळ्या जबड्याचा. मी खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. हिरड्या बाहेरून गुलाबी, घट्ट, कोणालाही फसवतील अशा. कांडीच्या चित्रात तर त्या नुसत्याच रंगवलेल्या असतात. पण आत, खालच्या त्या दोन दातांच्या भोवती आणि दोन्हीकडच्या पहिल्या दाढांपाशी हाड अर्ध्यापर्यंत उतरलेलं होतं. तरुण वयात क्वचित होतो हा आजार, दुखत नाही, रक्तही फारसं येत नाही. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लांबून ओळखेल. अशा दातांना आधी औषध द्यायचं, हाड वाचवायचं, त्यांना हलवण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. कोपऱ्यात तारीख होती. मंजुरीच्या चार दिवस आधीची. म्हणजे हे चित्र तिथे होतं. त्या दुसऱ्या खिडकीत, मी उघडायची वाट पाहत.

मी म्हटलं, एक फोन करून येते, आणि मागच्या गॅलरीत गेले. खाली शनिवारची वर्दळ, क्लासला निघालेल्या मुलांच्या सायकली, कुठेतरी कुकरची शिट्टी. सलिलने लगेच उचलला. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ओके. फर्स्ट थिंग, तू काही लिहून देऊ नकोस. कॉन्फ्लिक्ट होतो. त्यांना दुसऱ्या डेंटिस्टकडे पाठव. लीगल बघेल." मी म्हणाले, सलिल, एक्स-रे फाइलमध्ये होता. "अगं, टेक्निकली तू तुला दिलेल्या माहितीवरून अप्रूव्ह केलंस ना?" मी म्हणाले, मी माहिती पाहिलीच नाही. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "अस्मिता, हे फोनवर बोलू नकोस. आणि बी प्रॅक्टिकल. पुढच्या वर्षी हेच मॉडेल सगळीकडे येणारे. स्कॅन, प्लॅन, एक डॉक्टर अप्रूव्ह करणार. तुझ्यासारख्या लोकांची गरज वाढणारे. हजारात एक केस अशी जाणारच." हजारात एक. मी किती हजार केल्या होत्या? मी मोजायचा प्रयत्न केला आणि मग मला दिसलं की त्या सगळ्या खाली रस्त्यावरून चालल्या आहेत, सायकलींवर, रिक्षांत, तोंड मिटून, आणि त्यातल्या ज्यांची चित्रं मी उघडली नव्हती त्यांच्या हिरड्यांखाली काय आहे ते मला कधीच कळणार नाही. मी गॅलरीचा कठडा धरला. फोन चालूच होता.

सोपं होतं. सोमवारी सरांना भेटा म्हणायचं. सरांनी लिहून दिलं असतं, त्यांचा क्रमांक वेगळा. तक्रार गेली असती, महिन्यांनी नोटीस आली असती, लीगलने उत्तर दिलं असतं, मी एका टेबलाच्या अलीकडे आणि ही मुलगी पलीकडे अशा कधी समोरासमोर आलोच नसतो. फार तर ताकीद मिळाली असती. आणि आत्ता लिहून दिलं तर? मग नोंदवहीतून नाव जाऊ शकतं. मला दुसरं काही येत नाही. शाळेत असल्यापासून मला दुसरं काही व्हायचं नव्हतं, आणि आजही, या दवाखान्यात शनिवारी कोणाचा दुखरा दात शांत झाला की मला जे वाटतं ते मला बाकी कशानेच वाटत नाही. हे मी गॅलरीत स्वतःला स्पष्ट सांगितलं, म्हणजे मागाहून असं वाटायला नको की मला काय जाणार ते माहीत नव्हतं. फोन बंद केला आणि आत आले.

मच्छिंद्र उठून उभे राहिले. "बाई, तुमाला अडचण असंल तर ऱ्हाऊ द्या. दोघं डाक्टर न्हाई म्हणाले आमाला. एक म्हणाला, आपल्याच माणसाच्या इरोधात कसं लिवायचं." मी म्हटलं, बसा. टेबलाशी बसून सरांचा लेटरहेडचा गठ्ठा बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला, कारण सरांचं नाव त्यावर नको होतं. लिहायला लागले. रुग्ण ऋतुजा, वय चोवीस, खालचे मधले दोन दात दुसऱ्या श्रेणीपर्यंत हलणारे, हाडाची झीज उपचारांपूर्वीची, उपचारांमुळे वाढलेली. उपचारांपूर्वीच्या क्ष-किरण चित्रात ती स्पष्ट दिसते. ते चित्र पाहिले असते तर ही योजना मंजूर झाली नसती. अक्षर चांगलं येत होतं, याचं मला नवल वाटलं. मग मी थांबले आणि ऋतुजाला म्हटलं, हे दात लगेच काढायची गरज नाही, आतून तारेने बांधून ठेवता येतील, औषध सुरू करू, पण किती टिकतील ते मी खात्रीने सांगू शकत नाही. "साखरपुडा पुढे ढकलू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, ढकलू नका. होणाऱ्या नवऱ्याला सांगितलंय का? तिने नकारार्थी मान हलवली. "त्याला वाटतं मी लाजते," ती म्हणाली.

सही केली. खाली शिक्का मारायचा असतो. शिक्क्याची शाई सुकली आहे, आकडे पुसट येतात, कोणाला धड वाचता येत नाहीत. पेटी उघडीच होती. मी झाकण लावलं आणि पेनाने सहीखाली पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली नोंदणी क्रमांक, एकेक आकडा सुटा. कागद तिच्या हातात दिला. तिने शिक्षिकेच्या सवयीने तो वरपासून वाचला, ओठ न हलवता. तळाशी आल्यावर थांबली. मांडीवरचा कंपनीचा कागद उचलून शेजारी धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही चुकून त्यांचाच नंबर टाकलाय."

"चुकून नाही," मी म्हणाले. "तो माझाच आहे."

मच्छिंद्रनी विचारलं, काय झालं गं, तर तिने दोन्ही कागद त्यांच्याकडे दिले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, एका कागदावरचा आकडा बोटाने, मग दुसऱ्या कागदावरचा, हळू आवाजात वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजी तवा तुमीच व्हता."

"हो."

"आन् फोटू? त्यो बगितला व्हता का तुमी?"

"नाही," मी म्हणाले. "उघडलाच नाही."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत नव्हते. वारज्याचा तो एक्स-रे टेबलावर होता, तो उचलून त्यांनी परत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला, कडा जुळवल्या, दोरा गुंडाळू लागले.

"दोनदा गेलो व्हतो आमी त्याच्यासाठी," ते म्हणाले. "पैल्या दिवशी लाईट नव्हती तिथं. तासभर बसलो आन् माघारी आलो. मग दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून परत गेली ती. म्हणाली, नीट तपासून घेत्यात आण्णा, फोटू लागतोच त्यांना."